'आज फूल नाही' हेही लिहा: राणीच्या बागेतली थंडी आणि एक नोंदवही

या भागाचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल, इअरफोन घरी राहिला असेल किंवा झाडांची नावं नीट वाचून घ्यायची असतील, तर हे तुमच्यासाठी. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच आहे.

आधी एक छोटंसं काम करू. फोनची गॅलरी उघडा आणि गेल्या जानेवारी ते मार्चमधले फुलांचे फोटो शोधा. सापडतीलच. ट्रेकला गेलेलो तेव्हाचा लालभडक पळस, रस्त्याकडेचं गुलाबी काहीतरी, कुणाच्या तरी सोसायटीतला कांचन. आता त्यातला एक फोटो निवडा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे झाड नेमकं कुठे आहे? फोटो काढला त्याच्या आठवडाभर आधी त्याच्यावर फुलं होती का? आणि पंधरा दिवसांनी काय होतं?

लोकेशन चालू असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोन देईल. उरलेल्या दोन प्रश्नांचं उत्तर बहुतेक वेळा कुणाकडेच नसतं. आणि तरीही दर फेब्रुवारीत ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, 'यंदा पळस खूपच लवकर फुलला हं!' त्यावर वीस जण अंगठा दाखवतात. लवकर म्हणजे कशापेक्षा लवकर? गेल्या वर्षीपेक्षा? गेल्या वर्षी कधी फुलला होता, हे कुठे लिहिलंय?

आजचा भाग याच प्रश्नावर आहे. थंडीत आणि थंडी सरता सरता फुलणाऱ्या झाडांची नोंद कशी ठेवायची, आणि ती ठेवायची तरी कशाला. जागा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची निवडलीय: भायखळ्याची राणीची बाग.

पेंग्विनच्या वाटेवरची झाडं

राणीबाग म्हटलं की आज पहिलं काय आठवतं? पेंग्विन. आमच्या आधीच्या पिढीला हत्ती आणि माकडं आठवतात. पण ही जागा मुळात प्राण्यांसाठी नव्हती. १८६२ मध्ये ती खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून, 'व्हिक्टोरिया गार्डन्स' या नावानं. राणी तीच, म्हणून लोकांनी नाव पाडलं राणीची बाग. प्राणी नंतर आले. तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, तेही बागेनंतरचं. आज बागेचं अधिकृत नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. या नावात 'वनस्पती' आधी येते, 'प्राणी' नंतर. आपण बघतो मात्र उलट क्रमाने.

मी तिथे थंडीत सकाळी जाते. शाळांच्या सहली आलेल्या असतात. पोरं रांगेत, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या दप्तरावर, आणि सगळी पेंग्विनकडे धावत. मधे सीताअशोक उभा असतो, जुन्या फांद्यांना चिकटून नारिंगी-लाल गुच्छ आलेले असतात. रांग त्याच्या खालून निघून जाते. एखादीच मुलगी मान वर करते.

अशी बाग नोंदीसाठी इतकी चांगली का, ते सांगते.

एक तर झाड तेच राहतं. रस्त्यावरचं झाड मेट्रोला जातं, केबलला जातं, पार्किंगला जातं. जुन्या बागेतलं झाड तुमच्या आजोबांनी पाहिलेलं असू शकतं आणि तुमची नातवंडंही पाहू शकतात. ऋतूची तुलना करायची तर मोजायची वस्तू तीच हवी ना.

दुसरं, देशोदेशीची झाडं एकाच हवेत उभी आहेत. उर्वशी मूळची म्यानमारची. लाल फुलं, त्यावर पिवळे ठिपके, आणि झुंबरासारखे खाली लोंबणारे घोस. तिची कोवळी पानंसुद्धा ओल्या रुमालासारखी लोंबतात. गोरखचिंच आफ्रिकेची, हत्तीच्या पायासारखं खोड. सीताअशोक आपल्याकडचा. सगळ्यांना तोच पाऊस, तोच उकाडा, तीच डिसेंबरमधली गार पहाट. तरी प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. ते शेजारी शेजारी बघायला मिळणं ही चैन आहे.

तिसरं अगदी साधं. तिथे पुष्कळ झाडांवर नावाच्या पाट्या असतात. आपल्यासारख्या नवशिक्याला हे झाड कोणतं इथपासून सुरुवात करावी लागत नाही.

मुंबईत कसली आलीय थंडी?

हा प्रश्न येणारच होता. जानेवारीत दुपारी पारा ३० च्या आसपास, आणि आम्ही म्हणतो 'थंडी'. पुण्या-नाशिकची मंडळी हसतात आपल्याला. पण झाडाला स्वेटर घालायचं नसतं. त्याच्यासाठी काही गोष्टी पुरेशा असतात. ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, मातीतली ओल उतरत जाते. रात्री त्यातल्या त्यात गार होतात. आणि दिवस लहान होतो. २२ डिसेंबरच्या आसपास मुंबईत दिवस साधारण ११ तासांचा असतो, तिथून तो पुन्हा वाढू लागतो. कोणतं झाड यातल्या कशाकडे जास्त लक्ष देतं, हे झाडागणिक बदलतं.

आपल्याकडे गंमत अशी की थंड देशात वसंत म्हणजे आधी पालवी, हिरवळ. इथे कित्येक झाडं आधी पानं टाकून देतात आणि नागड्या फांद्यांवर फुलं काढतात. पानं नसली की फुलं लांबून दिसतात. मैना, बुलबुल, कावळे, सूर्यपक्षी मधासाठी येतात आणि जाता जाता परागीकरण करून जातात.

यात तीन लाल झाडांचा घोळ सगळ्यांचा होतो, तो आजच मिटवू. मोठं, जाड पाच पाकळ्यांचं, वाटीसारखं फूल आणि लहानपणी खोडावर शंकूसारखे काटे, ती काटेसावर. वाघनखासारखं वळलेलं केशरी फूल आणि त्याखाली काळपट मखमली टोपी, तो पळस. फांदीच्या टोकाला लांबट लाल फुलांचा पंख्यासारखा घोस, तो पांगारा. साधारण जानेवारी ते मार्च या काळात हे तिघं पुढेमागे फुलतात. त्यांच्या बरोबरीने आंब्याला मोहोर असतो, कांचन असतो, गिरीपुष्पाच्या फांद्या फिकट गुलाबी होतात. आणि एखाद्या दिवशी बागेत चालताना जोरदार दुर्गंध आला तर गटाराला दोष देऊ नका. वर बघा, जंगली बदाम फुललेला असेल.

आणखी एक. खरा अशोक म्हणजे सीताअशोक. सोसायटीच्या कुंपणाला उंच सरळ उभा असतो तो आसुपालव, त्याला लोक अशोक म्हणतात. सीताअशोकाच्या फुलात पाकळ्याच नसतात. आपण ज्याला पाकळ्या समजतो ती रंगीत निदलं असतात. उमलताना पिवळसर-नारिंगी, जुनं होता होता लाल. त्यामुळे एकाच गुच्छात कालचं फूल आणि चार दिवसांपूर्वीचं फूल रंगावरून ओळखता येतं. नोंद करणाऱ्याला एवढी मदत क्वचितच कुणी झाड करतं.

सगळ्यात महत्त्वाची नोंद: शून्य

आता मुद्द्यावर येते. या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: फूल नव्हतं, हेही लिहायचं.

का? समजा तुम्ही ८ फेब्रुवारीला एक पळस फुललेला पाहिला आणि लिहिलंत, 'पळस फुलला, ८ फेब्रुवारी.' यातून काय कळलं? एवढंच, की ८ तारखेला फुलं होती. तो कदाचित २० जानेवारीपासून फुललेला असेल. तुम्ही त्या रस्त्याने ८ तारखेला गेलात, ही माहिती तुमच्याबद्दल आहे, पळसाबद्दल नाही.

आता दुसरी वही बघा. '१ फेब्रुवारी: फूल नाही, कळ्या आहेत. ८ फेब्रुवारी: थोडी फुलं.' आता आपण ठामपणे म्हणू शकतो की हा पळस १ ते ८ फेब्रुवारीच्या दरम्यान फुलायला लागला. फरक कशाने पडला? १ तारखेच्या त्या 'नाही'ने. त्या दिवशी फोटोत दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. रील होणार नव्हती. तरी त्या पूर्ण वहीतली सगळ्यात मोलाची ओळ तीच.

गोरखचिंचेचंच घ्या. जानेवारीत ती निष्पर्ण उभी असते, फुलं नाहीत. फेब्रुवारीत तेच, मार्चमध्ये तेच. बारा आठवडे तुम्ही 'नाही, नाही, नाही' लिहीत बसणार. कंटाळा येईल. पण उद्या एखाद्या वर्षी तिने भलत्याच महिन्यात कळ्या काढल्या, तर ते भलतंच आहे हे सांगायला या कंटाळवाण्या ओळीच साक्षीदार असतील.

या अभ्यासाला शास्त्रात फेनॉलॉजी म्हणतात. नाव जड आहे, काम हलकं. ठरलेलं झाड, ठरलेला वार, दोन मिनिटं.

कसं करायचं: फोन पुरेसा आहे

चला, पायऱ्या सांगते. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

झाड निवडा. एक किंवा दोनच. सुरुवातीलाच दहा झाडं घेतलीत तर तिसऱ्या आठवड्यात सोडून द्याल. ते पुन्हा नक्की सापडेल अशी खूण लिहा: कोणत्या वाटेवर, कोणत्या बाकाशेजारी. मॅपवर पिन टाका, पण फक्त पिनवर विसंबू नका. दाट झाडीत ती काही पावलं इकडेतिकडे सरकते आणि शेजारी त्याच जातीचं दुसरं झाड असतं.

वार ठरवा. आठवड्यातून एकदा, तोच वार. राणीबाग बुधवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा. एखादा आठवडा चुकला तर अंदाजाने भरू नका. रिकामा ठेवा. रिकामी जागा आणि 'फूल नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा अर्थ 'मी पाहिलं नाही', दुसरीचा 'मी पाहिलं आणि नव्हतं'.

तीन गोष्टी लिहा: कळ्या, उमललेली फुलं, फळं. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द: नाही, थोडी, भरपूर. मोजत बसायचं नाही. जमलं तर पानांचंही लिहा: जुनी पानं, पानगळ, नवी पालवी.

दोन फोटो काढा. एक पूर्ण झाडाचा, दरवेळी त्याच जागी उभं राहून. एक जवळून, झूम करून, कळी की फूल हे कळेल असा. फिल्टर नको. पहिला फोटो दिसायला रटाळ असतो, पण बारा आठवड्यांचे बारा फोटो एकापुढे एक सरकवले की झाड श्वास घेतंय असं वाटतं. हवी तर मग त्याची रील करा!

वर बघा, खाली नाही. जमिनीवर सडा पडलाय म्हणून 'भरपूर' लिहू नका. ती फुलं शेजारच्या झाडाची असू शकतात. आणि फूल तोडायचं नाही, फांदी वाकवायची नाही.

काही विशेष असेल तर एक ओळ लिहा. 'छाटणी झाली', 'शेजारी खोदकाम सुरू', 'परवा अवकाळी पाऊस'. बागेतल्या झाडाला पाणी मिळतं, खत मिळतं, कात्री लागते. जंगलातल्या झाडाचं तसं नसतं. बागेतली नोंद जंगलातल्या नोंदीशी ताडून बघताना ही ओळ कामी येते.

आणि काय लिहायचं नाही? कुंड्या. थंडीत राणीबागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथली गर्दी तुम्हाला माहीत आहे. झकास असतं, जरूर जा. पण तिथला झेंडू आणि पेटुनिया प्रदर्शनाच्या तारखेला फुलावा म्हणून माळ्यांनी दिवस मोजून लावलेला असतो. तो ऋतूबद्दल काही सांगत नाही, माळ्याच्या कसबाबद्दल सांगतो. ऋतूची बातमी हवी असेल तर त्याच गर्दीत मान वर करून झाडांकडे बघा.

'होळीला पळस' आणि कॅलेंडरची गंमत

आपल्याकडे फुलं सणांना बांधलेली आहेत. महाशिवरात्रीला आंब्याचा मोहोर वाहायचा, होळीला पळस, त्याच्या फुलांचा केशरी रंग. हीसुद्धा नोंदच आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची. अंदाज म्हणून ती उत्तम आहे. पण 'लवकर की उशिरा' ठरवायला ती चालत नाही, कारण सण स्वतःच सरकतो.

२०२३ ची धूळवड ७ मार्चला होती. २०२४ ची २५ मार्चला. अठरा दिवसांचा फरक! मधे अधिक महिना आला होता ना. आता समजा, एक पळस दोन्ही वर्षी बरोबर एकाच तारखेला, १ मार्चला ऐन बहरात होता. २०२३ मध्ये आजी म्हणणार, 'होळीच्या तोंडावर फुलला, वेळेवर आहे.' २०२४ मध्ये तीच म्हणणार, 'अगं बाई, होळीला अजून तीन आठवडे आहेत आणि हा आत्ताच फुलला!' पळस जागचा हललेला नाही. होळी हलली.

म्हणून वहीत इंग्रजी तारीख लिहा. शेजारी हवी तर तिथीही लिहा, आजीशी बोलायला उपयोगी पडेल.

आजीवरून आठवलं. बागेत पाणी घालणाऱ्या एका माळीकाकांना मी विचारलं होतं, 'काका, हा सीताअशोक दरवर्षी कधी फुलतो?'

'थंडी गेली की.'

'आणि थंडी कधी जाते?'

काका हसले. 'ते आता तूच सांग, बाळा. पूर्वी होळीपर्यंत पहाटे पाण्याला हात लावायला नको वाटायचं.'

बघा, केवढी माहिती आहे या दोन वाक्यांत. काकांच्या डोक्यात त्या बागेचं अख्खं कॅलेंडर आहे: कोणतं झाड आधी, कोणतं मागून, कोणतं एक वर्षाआड भरभरून फुलतं. पण ते कुठेच लिहिलेलं नाही. काका रिटायर होतील तेव्हा ते कॅलेंडर त्यांच्याबरोबर घरी जाईल. त्यामुळे तुमच्या गावच्या, कॉलेजच्या बागेत असे कुणी काका-मावशी असतील तर त्यांच्या परवानगीने दहा मिनिटं रेकॉर्ड करा. फोनमधल्या व्हॉइस रेकॉर्डरचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. फाइलच्या नावात तारीख टाका.

जुन्या वह्या काय करू शकतात

तुम्ही म्हणाल, एका माणसाच्या वहीने काय होणार? दोन गोष्टी सांगते.

इंग्लंडमध्ये नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचा एक जमीनदार होता. १७३६ पासून तो आपल्या आवारात वसंताच्या खुणा टिपू लागला: स्नोड्रॉप नावाचं थंडीतलं छोटं पांढरं फूल पहिल्यांदा कधी दिसलं, ओकला पालवी कधी आली, कोकीळ कधी ओरडली. अशा एकूण २७ खुणा. तो १७९७ मध्ये गेला. त्याच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ही वही चालू ठेवली, १९५८ पर्यंत. दोनशेहून जास्त वर्षं! सुरुवात करताना त्याच्या मनात हवामानबदल वगैरे काही असणं शक्यच नव्हतं. त्याला झाडांची आवड होती, एवढंच. पण आज तापमान वाढलं की झाडं काय करतात हे तपासताना अभ्यासक त्याच्या वहीकडे जातात.

दुसरी गोष्ट जपानमधल्या क्योतोची. तिथे चेरीचा बहर बघायला जायची जुनी रीत. दरबारातल्या लोकांनी, भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत लिहून ठेवलं, आज बहर पाहायला गेलो, मेजवानी झाली. नवव्या शतकापासूनच्या अशा नोंदी जपानी अभ्यासकांनी गोळा केल्या, तारखा जुळवल्या. त्यामुळे २०२१ मध्ये क्योतोत २६ मार्चला पूर्ण बहर आला तेव्हा ते म्हणू शकले, की बाराशे वर्षांत इतक्या लवकर बहर आल्याची नोंद नाही. आपल्या ग्रुपवरचं 'यंदा लवकर हं' आणि त्यांचं 'यंदा लवकर' यात फरक फक्त लिहून ठेवण्याचा आहे.

आपल्याकडे तशी नजर नव्हती असं नाही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये आलं, महिन्यागणिक निसर्ग बघत लिहिलेलं. नजर आहेच आपल्याकडे. तिला तारीख आणि झाडाचा पत्ता जोडायचाय, बस. आणि एकट्याने करायचं नसेल तर 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम २०१० पासून देशभर चालू आहे. झाड नोंदवायचं आणि दर आठवड्याला पानं, फुलं, फळं किती ते सांगायचं, आत्ता सांगितलं तसंच. शाळकरी मुलंही करतात. तुमची वही तिथे हजारो वह्यांना जाऊन मिळते.

यात कुणाचं काय जातं?

आता खरा प्रश्न. पळस आठ दिवस इकडे की तिकडे, कुणाला काय फरक पडतो?

कोकणातल्या बागायतदाराला विचारा. हापूसला रात्रीचा गारवा मिळाला की मोहोर येतो. गारवा उशिरा आला तर मोहोर उशिरा. मोहोर आला आणि अवकाळी पाऊस झाला किंवा ढगाळ हवा राहिली तर तुडतुडे, करपा. थंडी लांबली तर पुनर्मोहोर येतो, म्हणजे झाडावर वाटाण्याएवढी फळं धरलेली असताना नवा मोहोर फुटतो, आणि आधीची फळं गळायला लागतात. तिथे 'कधी फुललं' हा हौसेचा प्रश्न नाही. मार्चमध्ये पेटी भरणार की मेमध्ये, फवारणी एक की चार, घरात पैसा किती येणार, असा सगळा हिशेब त्या तारखेवर असतो. मुंबईतल्या बागेतल्या आंब्याच्या नोंदीने त्यांचं पीक वाचणार नाही, असा खोटा दावा मी करणार नाही. पण वीस-तीस वर्षांच्या नोंदी ठिकठिकाणी असत्या, तर 'हवामान बदललंय' हे सांगायला फक्त आठवणीवर अवलंबून राहावं लागलं नसतं.

पक्ष्यांना विचारा. थंडीत मध्य आशियाकडून भोरड्या येतात, थव्यांनी. गुलाबी अंग, काळं डोकं. त्यांचं मराठीतलं दुसरं नाव माहितीय? पळसमैना! पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मधासाठी त्या झाडांवर गोंधळ घालतात आणि मग उन्हाळ्यात परत जातात. म्हणजे दूरवरून आलेला पाहुणा आणि इथलं झाड यांची गाठ पडण्याचा एक काळ आहे. तो काळ आपल्या पूर्वजांना इतका नेमका माहीत होता की त्यांनी पक्ष्याचं नावच तसं ठेवलं. झाड पुढे सरकलं आणि पाहुणा त्याच वेळेवर आला तर? हे कळायला दोघांच्याही तारखा हव्यात.

आणि शेवटी बागेलाच विचारा. या शतकाच्या पहिल्या दशकात राणीबागेचा कायापालट करून मोठं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करण्याची योजना पुढे आली होती. तेव्हा मुंबईतल्या काही नागरिकांनी तिला विरोध केला. त्यांनी घोषणाच दिल्या असं नाही. बागेत कोणती झाडं आहेत, त्यातली दुर्मीळ कोणती, याचा अभ्यास केला, ते लोकांपुढे मांडलं. 'झाडं वाचवा' म्हटलं की समोरचा म्हणतो, 'दुसरी लावू.' पण या वाटेवरची ही उर्वशी, तिचं हे वय, ती अमुक वर्षांपासून या महिन्यात फुलते, असं म्हटलं की 'दुसरी लावू' हे उत्तर तोकडं पडतं. ज्याचं नाव, पत्ता आणि वेळापत्रक लिहिलेलं आहे, ते गुपचूप नाहीसं होत नाही. निदान कुणाला तरी कळतं.

या आठवड्याचा गृहपाठ

तर काम सोपं आहे. राणीबाग जवळ नसेल तर पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, तुमच्या शहरात जुना किल्ला असेल, संस्थानिकांची बाग असेल, कॉलेजचा जुना कॅम्पस असेल. परदेशात असाल तर तिथलं जुनं उद्यान चालेल, तुमच्याकडे स्नोड्रॉप असतील. एक झाड निवडा. फोनच्या नोट्समध्ये त्याच्या नावाचं पान उघडा. आज जाऊन पहिली ओळ लिहा.

शक्यता आहे की ती ओळ अशी असेल: 'कळ्या नाहीत. फूल नाही. फळ नाही. जुनी पानं.' वाचून हसू येईल, की हे काय लिहिलं मी! लिहा तरी. पुढच्या रविवारी पुन्हा तेच लिहा. मग एका रविवारी 'कळ्या: थोड्या' असं लिहाल. ते दोन शब्द लिहिताना जो आनंद होतो ना, तो दुसऱ्याने पाठवलेला फोटो बघून होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

तुमच्या पहिल्या चार आठवड्यांच्या नोंदी मला पाठवा. फुलांचे फोटो नंतर. आधी 'नाही'वाल्या ओळी पाठवा, त्या मी पुढच्या एखाद्या भागात नावासकट वाचून दाखवीन.

भेटू पुढच्या भागात. तोवर मान वर ठेवा, पण चालताना पायाखालीही बघा!